ऊबदार फळी

बेळगावच्या दुकानदारानं दोन सर्किटं सांगितली. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, निपाणीकडं नदीवर नाव चालवतो. पलीकडच्या मळ्यांत भांगलायला, तण काढायला जाणाऱ्या बायकांना नेतो-आणतो. आमची आईही त्यांच्यातच. नावेला त्यानं विजेची मोटर बसवली, लिथियमची बॅटरी घेतली, आणि आता त्या बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, बीएमएस, घ्यायचं होतं. एक होतं ते बॅटरी तापली किंवा उतरली की थेट वीज तोडणारं. दुसरं तोडायच्या आधी बराच वेळ ओरडणारं, पण ते मागवावं लागणार होतं.

"आधी ओरडणारं घे रं," मी म्हटलं. "रिक्षा बंद पडली तर उतरून ढकलता येतीया. नदीत कुठं उतरणार?"

"तू बेळगावात टिळकवाडीत ऱ्हातीस. नदीचं मला सांगू नको," अण्णा म्हणाला. असला राग आला मला! त्यानं समोर होतं तेच उचललं.

पावसाळा ओसरताना ऐन धारेत सर्किटनं वीज तोडली. नाव आडवी होऊन बंधाऱ्याकडं निघाली. बायकांनी आरडाओरडा केला. अण्णानं बांबू लावून कशीबशी काठाला आणली, आणि त्याच संध्याकाळी सर्किट वगळून सरळ जाड वायर जोडली. फोनवर मला म्हणतो कसा, "आता बंद पडायची न्हाय बघ." "अरं, तापली तर तोडणारं कोण आता? पेट घेईल ती बॅटरी!" मी म्हटलं. दुसरं सर्किट मी पाठवते म्हटलं, तर म्हणाला, सुगी झाल्यावर बघू.

थंडीत गावी गेले. सकाळी नावेत चढले, तर बॅटरीवरच्या फळीवर बसायला बायकांची ढकलाढकली चाललेली.

"ये गं बाई, हितं ऊब लई छान लागतीया," म्हणत आईनं सरकून जागा दिली.

मी फळीला हात लावला. चटकाच बसला. नाव तर अजून सुटलीही नव्हती. बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती म्हणे.

मोटरचं हँडल फळीजवळच, एरवी अण्णा तिथंच बसून नाव चालवायचा. आज मात्र लांब टोकाला उभा होता, मफलर गुंडाळून, कुडकुडत.

"तू का बसत न्हाईस रं हितं?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. वाकून दोराची गाठ सोडायला लागला. कळत होतं त्याला, सगळं कळत होतं!

"आई, ऊठ!" मी ओरडले. "सगळ्याजणी उतरा!"

"गप गं," आई हसली. "आत्ता कुठं पाय गरम व्हायला लागल्यात."

तोवर अण्णानं दोर सोडला होता.