निळं कुठून निघतं

सासूबाई सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी एकच गोष्ट विचारायच्या, चोच आली का. मी गॅसपाशी उभी राहून खिडकीबाहेर न बघताच सांगायची, नाही अजून. वर्षभर हे चाललं. त्या वर्षभरात मी त्यांच्याकडे सरळ बघून हे उत्तर एकदाही दिलं नाही. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते खपून गेलं असं मी समजत होते.

चोच म्हणजे बर्ड ऑफ पॅराडाइजची कळी. तारनाक्याला तळमजल्यावर राहतो आम्ही, आणि घरामागे भिंतीलगत मातीची एक अरुंद पट्टी आहे. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंनी नर्सरीतून त्याचं वीतभर रोप आणून तिथे लावलं. पानं कर्दळीसारखी, पण ताठ आणि जाड. दिवसभर ऊन लागेल अशी जागा त्यांनी स्वतः निवडली. आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसायच्या, पावसात बुंध्याशी पाणी साचलं की काठीने चर काढून द्यायच्या. रोपाचं चांगलं कंबरभर बेट झालं, पण फूल काही येईना.

फुलाची त्यांना एवढी ओढ का, हे सांगायला हवं. नारायणगुड्यात मुलींच्या शाळेत त्या पस्तीस वर्षं चित्रकलेच्या बाई होत्या. शिक्षकांच्या खोलीत एका कॅलेंडरवर या फुलाचं चित्र होतं. केशरी तुरा, मधून बाणासारखं निळं टोक, खाली लांब हिरवी चोच. पोरींना रंगवायला आवडतं म्हणून दर वर्षी फळ्यावर त्या हेच फूल काढत. पण चित्रात एक पाकळी आडवी आली होती आणि निळं नेमकं कुठून निघतं ते दिसत नव्हतं. मग त्यांनी आपल्या मनाने चोचीतून निघालेली एक निळी जीभ काढायला सुरुवात केली. खरं काय ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात काचबिंदूने दोन्ही डोळे धरले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. म्हणजे फूल लवकर यायला हवं होतं.

आणि मी काय केलं? संक्रांतीला वाण लुटायचं होतं. इथल्या आमच्या मराठी बायकांत दर वर्षी तेच प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या फिरतात. आदल्या वर्षी माझ्या वाट्यांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. यंदा सगळ्यांना एकेक रोप द्यायचं माझ्या मनाने घेतलं. बेट फोडून सहज सात रोपं निघाली असती. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "यंदा नक्को. जरा ठैर. पोटात काहीतरी आहे त्याच्या." मला वाटलं, म्हातारपणी जीव गुंततो झाडात. माझा स्वभाव असा की नको म्हटलं की हात शिवशिवतात.

भोगीच्या दुपारी मी पहारीने बेट उपटलं आणि मोठ्या सुरीने कापायला बसले. मुळं बोटाएवढी जाड, करकर आवाज करत कापली जात होती. आतून सासूबाईंनी विचारलं, काय कापतेस. मी म्हटलं, ऊस. मधला, सगळ्यात मोठा तुकडा वेगळा केला, आणि दोन देठांच्या बेचक्यात मला नखाएवढं टोकदार, तांबूस काहीतरी दिसलं. ती चोच होती. तो तुकडा मी घाईने आमच्याच मातीत परत लावला, सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठ दिवसांत टोक काळं पडलं आणि गळून गेलं. नर्सरीवाल्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, हे झाड एकदा खणलं की दोन-तीन वर्षं रुसतं. बेट फोडल्याचं मी सासूबाईंना सांगितलं, गर्दी झाली होती, त्याच्याच भल्यासाठी केलं असंही वर सांगितलं. कळीचं मात्र सांगितलं नाही. हळदीकुंकवाला रोपांचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मला ते ऐकवेना.

त्या वर्षात त्यांची नजर भराभर उतरली. उजवा डोळा गेला. डाव्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तेवढं अंधूक दिसे, म्हणून मान तिरकी करून बघायच्या. पानं पुसायला मात्र रोज जायच्या. मी लाजेपोटी त्या झाडाला इतकं खत घातलं की पानं हातभर वाढली, आणि बाकी काहीच झालं नाही.

पुन्हा संक्रांत जवळ आली. एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू अक्का धापा टाकत खाली आल्या. त्यांनाही मी वाण दिलं होतं. रोप त्यांनी रंगाच्या जुन्या बादलीत लावून गच्चीवर टाकीजवळ ठेवलं होतं, आणि चक्क विसरून गेल्या होत्या. टाकीचं सांडलेलं पाणी आणि दिवसभराचं ऊन, एवढ्यावर ते जगलं. मुळांनी बादली गच्च भरली, आणि आता त्यात पक्ष्यासारखं काहीतरी आलंय, असं त्या सांगत होत्या. "अम्मा, ये आपकाच है, नीचे ले आती मैं," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंनी मान हलवली. एकदा दिलेलं वाण परत घेत नाहीत, मीच येते वर, म्हणाल्या. कठड्याला धरून, मध्ये दोनदा बसून त्या गच्चीवर पोचल्या. बादलीसमोर स्टुलावर बसल्या आणि मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिल्या.

"केशरी आहे," त्या म्हणाल्या. "निळं कुठंय?"

निळं त्यांच्या अगदी समोर होतं, पण त्यांना दिसत नव्हतं. एक वर्षापूर्वी दिसलं असतं. माझा धीर सुटला. मी म्हटलं, "आत्याबाई, तेव्हा कळी आली होती. मी कापताना बघितली. तुम्हाला सांगितलं नाही."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "ऊस एवढा वेळ कुणी कापतं का? दुसऱ्या दिवशी मातीला हात लावला, तेव्हा ते टोक बोटाला लागलं, तेव्हाच कळलं मला." मग म्हणाल्या, "रागावले होते. खूप. तुझ्या हातचा चहा कडू लागायचा."

एवढंच. त्यापेक्षा चार शब्द जास्त सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नंतर त्या रोज वर जाऊ लागल्या. आठवड्याभराने फूल सुकलं. अक्का कात्री घेऊन देठ कापायला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला. चोचीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, रिकामी नाही ही. कोमट पाण्याची वाटी मागवली, चोच ओली केली, आणि वरच्या चिरेत अंगठा घालून आत दडलेलं दुसरं फूल हळूहळू उचलायला लागल्या. आधी एक केशरी पाकळी सुटली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांच्यामध्ये बोट घालून त्या खाली खाली गेल्या, आणि थांबल्या.

"याचं निळं याच्यातच आहे," त्या म्हणाल्या. सुकलेल्या फुलातही त्यांनी बोट घातलं. तिथे त्याचं स्वतःचं निळं होतं, वाळलेलं. "दोघांचं वेगवेगळं. मी सगळ्यांत मिळून एकच जीभ काढायची. पस्तीस वर्षं पोरींना चुकीचं शिकवलं की गं."

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की अक्काही, काही न कळता, हसू लागल्या.

मग त्यांनी खडू मागितला. अक्का सकाळी दारापुढे मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, काढतात, त्यातला एक जाड खडू त्यांनी आणून दिला. सासूबाईंनी तो माझ्या हातात ठेवला आणि गच्चीच्या फरशीकडे बोट दाखवलं. मला साधी केळीसुद्धा काढता येत नाहीत. तरी मी उकिडवी बसले आणि त्या सांगतील तशी रेघ ओढत गेले. आधी चोच, मग पहिला तुरा आणि त्याचा बाण. सासूबाईंचं एक बोट अजून चोचीवरच होतं, आणि चाचपून त्या पुढचं सांगत होत्या.

दुसरा तुरा झाल्यावर मी खडू खाली ठेवला.

"उठू नको," त्या म्हणाल्या. "आत तिसरं आहे. त्याला जागा सोड."