उघड्या गिअरबॉक्सवरचं पांढरं फडकं

तिसऱ्या गिअरची जोडी, नवी कापून आणि कडक करून, नऊ हजार. बेअरिंग दोन, बावीसशे. इंचभर जाडीची पोलादी प्लेट, वजनावर, चौदाशे. मोठी क्लच प्लेट, सहा हजार आठशे. ऑइल सील तीन, साडेचारशे. गिअर तेल चार लिटर, बाराशे. मांजरपाट दोन मीटर, एकशे साठ.

माझ्या वहीत नऊ वर्षांपूर्वीच्या एका आठवड्याचं पान असं आहे. यातलं शेवटचं कलम गाडीचं नाही. ते कशासाठी आलं हे आदरणीय साळवेकाकांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. काकांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली, शिष्यमंडळ गौरवग्रंथ काढतंय, आणि ‘जाधववहिनी, तुम्हीही चार ओळी द्या’ असा निरोप आला. तेव्हा ठरवलं की जे काकांनी झाकलं ते आपण उघड करावं. मी दहावी झालेली, घर सांभाळणारी बाई. यंत्रातलं काही चुकलं तर शिष्यांनी सांभाळून घ्यावं.

काकांची आणि आमची ओळख अडचणीतून झाली. आमच्या ह्यांचा टेम्पो तळवड्याच्या एका फाउंड्रीतून चाकणला लोखंडी कास्टिंग पोचवायचा. जुनं इंजिन त्या वजनाला पुरेना. ह्यांनी रीतसर परवानगी काढून त्यात दुसरं, चांगलं ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली आणि महिन्याच्या आत तिसऱ्या गिअरचे दात मोडले. एका गॅरेजनं नवा गिअर घातला. तोही तीन आठवड्यांत गेला. फाउंड्रीच्या सुपरवायझरनं सांगून टाकलं, “सोमवारी सकाळी सहाला गाडी गेटवर पाहिजे. नसली तर काम दुसऱ्याला दिलं समजा.” आमच्याकडे ती एकच गाडी आणि ते एकच काम.

कोणीतरी साळवेकाकांचं नाव सांगितलं. काकांचे वडील कारखान्यात कामगार होते. काकांनीही एका मोठ्या कंपनीत गिअर कापण्याच्या खात्यात उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर तळवड्याला पत्र्याची शेड टाकली. मी ह्यांचा डबा घेऊन तिथे पोचले तेव्हा भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली ओळीनं मांडलेले नट-बोल्टचे पाने, आणि जमिनीवर इतकी स्वच्छता की मी चपला बाहेर काढल्या.

“ताई, घालून या,” काका म्हणाले. “खाली लोखंडाचा कीस असतो, पायात घुसेल.”

हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

मोडका गिअर ह्यांनी समोर धरला, पण काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी गिअरबॉक्सचं रिकामं घर उचललं आणि आतून अंगठा फिरवला. मग गिअर ज्यावर फिरतात ते शाफ्ट परत घरात बसवले, दुसऱ्या, चांगल्या दातांना निळा रंग लावला, शाफ्टला लांब दांडा लावून जोर दिला आणि फिरवून दाखवलं. रंग दाताच्या पूर्ण तोंडाला लागायला हवा होता. तो नुसता टोकाला लागला होता.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं की मला काही उमगलेलं नाही. म्हणाले, “ताई, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट घाला. जाधवराव, आता ह्यांचे दोन्ही कोपर बाहेर ओढा.”

ह्यांनी ओढले. माझी बोटं सरकत सरकत टोकांवर आली आणि सुटली.

“बोटं कमजोर होती का?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“तेच झालंय. नवं इंजिन जोर लावतं तेव्हा दोन शाफ्ट एकमेकांपासून लांब ढकलले जातात. हे घर पातळ आहे, ते पसरतं. दात टोकावर येतात आणि मोडतात. तुम्ही दहा गिअर बदललेत तरी दहा मोडतील.”

वीस वर्षं गाडी चालवणारे आमचे हे मोडका गिअर खाली ठेवून ते घर निरखू लागले. गॅरेजवाल्यानं जे हातात घेऊन पाहिलं नाही ते या माणसानं माझ्या बोटांवर दाखवलं. देवळात गेल्यावर जसा आवाज आपोआप खाली येतो, तसं त्या शेडमध्ये मला झालं.

मग काकांनी काम मांडलं. घराच्या पोटात मधोमध पोलादी प्लेटची भिंत बसवायची आणि त्या भिंतीत बेअरिंग घालून दोन्ही शाफ्टना कंबरेशी धरायचं, म्हणजे ते पसरणार नाहीत. नवे गिअर वरून कडक पण आतून चिवट ठेवायचे. सगळाच कडक केला तर काचेसारखा फुटतो. दाताच्या मुळाशी जिथे धारदार कोपरा असतो तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून तो कोपरा गोल करायचा. त्या प्लेटमधल्या दोन भोकांना काकांना दोन दिवस लागले. मला राहवलं नाही. विचारलं, “काका, दोन भोकांना दोन दिवस?”

“दोन्ही एकदम खरी पडायला हवीत, ताई. एक खरं आणि दुसरं जवळपास, असं इथे चालत नाही.”

शनिवारी दुपारी सगळं जुळून आलं. फक्त वरचं झाकण बसवायचं राहिलं होतं. काका, त्यांच्याकडे लेथ चालवणारे अन्वरभाई आणि आमचे हे बाहेर कडुलिंबाखाली जेवायला बसले. मी आत एकटी. समोर तो उघडा गिअरबॉक्स, चकचकीत, नव्या गाभाऱ्यासारखा. माझ्या पिशवीत देवीची कुंकवाच्या अक्षतांची डबी होती. मनात आलं, दोनदा मोडला तेव्हा आत देवाचं काही नव्हतं. या खेपेला असू दे. मी डोळे मिटले, नाव घेतलं आणि चिमूटभर अक्षता आत वाहिल्या.

ते जेवून आले. अन्वरभाईंनी झाकण ठेवलं, बोल्ट आवळले. गिअरबॉक्स गाडीखाली नेऊन इंजिनाला जोडला. मला समाधान वाटत होतं. मग काका तेल ओतायला बसले. त्यांनी डब्याचं तोंड स्वच्छ कापडानं पुसलं, नरसाळं आतून पुसलं, पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं.

ह्यांनी हसून विचारलं, “काका, एवढं?”

“आत एक कण जाता कामा नये. मधल्या भिंतीत तेलाचं भोक आहे, सुईएवढं. ते बुजलं की बेअरिंग कोरडं पडणार आणि सगळं जाम होणार. चालत्या गाडीत.”

चालत्या गाडीत, म्हणजे मागे दोन टन लोखंड आणि पुढे आमचे हे. बोलले तर सगळं खाली उतरवावं लागणार, सोमवार हुकणार, काम जाणार. नाही बोलले तर कदाचित काहीच होणार नाही; कोणी पाहिलंही नव्हतं. चारही लिटर तेल आत गेलं तोवर मी तशीच उभी. ह्यांनी किल्लीला हात घातला तेव्हा तोंडातून निघालं, “थांबा. आत अक्षता आहेत.”

“काय आहे?” हे ओरडले.

“मी वाहिल्या. तुम्ही जेवत होता तेव्हा.”

“अगं, गिअरबॉक्स आहे तो, देव्हारा नाही! परवा सहाला गाडी लावायचीय आणि तू...”

अन्वरभाईंनी कपाळाला हात लावला. “वहिनी, थोडं दूध-साखर पण टाकायचं ना. खीर तरी झाली असती.”

काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, “जाधवराव, आवाज खाली. किल्ली फिरायच्या आधी स्वतःहून सांगितलंय त्यांनी. माझ्या खात्यात भले भले फोरमन असं सांगायचे नाहीत.” मग माझ्याकडे वळले. “किती होत्या?”

“चिमूटभर.”

“तुमची चिमूट दाखवा.”

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. मी त्याच डबीतून तीनदा चिमूट घेतली आणि त्यांनी तिन्ही वेळा दाणे मोजले. नऊ, अकरा, दहा. “म्हणजे अकरा धरून चालू,” ते म्हणाले आणि बाह्या वर सारल्या. मी घरात डाळ-तांदूळ मापून वापरणारी बाई. पण आपली चिमूट केवढी हे मला त्या दिवशी कळलं.

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. तेल कापडातून गाळलं, त्यात चार दाणे निघाले. घराच्या तळाशी पाच सापडले. तोवर दिवेलागणीची वेळ झाली. काका म्हणाले, “थकलेल्या डोळ्यांना दाणा दिसत नाही. उद्या सकाळी.” निघताना ह्यांनी मला ऐकू जाईल असं अन्वरभाईंना विचारलं, “उरलेले दोन राहिले आत तर काय होईल, राव?” काकांनी परस्पर उत्तर दिलं, “राहू देणार नाही.”

रविवार त्यांच्या विहाराचा दिवस. ते वंदनेला न जाता आठ वाजता शेडवर हजर. एकेक बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, हवेनं फुंकलं, एकेका भोकातून बारीक तार घातली. दहावा दाणा बारा वाजता सापडला. कुठे? त्या नव्या भिंतीतल्या सुईएवढ्या भोकाच्या तोंडाशी, अगदी बूच लावल्यासारखा. काकांनी तो चिमट्यानं काढून उजेडात धरला. आमचे हे खाली बसले. आजही मला तो लाल दाणा आठवला की अंगावर काटा येतो.

ह्यांना वाटलं, झालं. काका म्हणाले, “अकरावा?” आणि नसलेला अकरावा दाणा त्यांनी आणखी तासभर शोधला. नाहीच याची खात्री पटल्यावर झाकण बसलं. संध्याकाळी माल भरून गाडी फिरवून आणली. सोमवारी सहाला पाच मिनिटं असताना ती फाउंड्रीच्या गेटवर उभी होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. इंजिन तेच, काम तेच, आणि तो गिअरबॉक्स तेल बदलण्यापलीकडे परत उघडावा लागलेला नाही.

रविवारी निघताना मी काकांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरला. “चूक माझी, ताई. यंत्र उघडं टाकून मी जेवायला गेलो. आज तुमच्या अक्षता गेल्या, उद्या पालीचं शेपूट जाईल. एक काम करा, दोन मीटर मांजरपाट आणा. चारी कडा दुमडून शिवून आणा, दोरा सुटता कामा नये.”

मी भीतभीत विचारलं, “काका, माझ्या देवाचं चुकलं का?”

तेव्हा मात्र ते हसले. “मी हात जोडतो ती जागा वेगळी. पण तुम्ही बाहेरून लावा की कुंकू. बाहेर जागा भरपूर आहे.” आणि ते दहा दाणे कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी माझ्या हातात दिले. मी ते तुळशीच्या मातीत घातले.

आता शिष्यमंडळींनो, तुमच्यासाठी. तुमच्या शेडी भोसरीत, मोशीत, चाकणला झाल्या. तुमच्या प्रत्येकाकडे जेवायला उठताना उघड्या गिअरबॉक्सवर पांढरं, कडा शिवलेलं फडकं पडतं आणि सुतळीनं बांधलं जातं. मी विचारलं की तुम्ही सांगता, “काकांची शिस्त आहे, वहिनी.” पहिलं फडकं कुठून आलं हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण काकांनी नऊ वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. अन्वरभाईंनाही ताकीद होती. लोक दुसऱ्याची चूक चारचौघांत सांगून शिकवतात. काकांनी माझ्या चुकीतून शिस्त तेवढी घेतली आणि मला झाकून ठेवलं. नव्या इंजिनाचा जोर पेलेल असं घर ज्यांनी घडवलं, त्यांचं स्वतःचं मन केवढं भक्कम असेल याचा मी अजून विचार करते.

काकांचे डोळे असेच बारीक दाणा टिपणारे राहोत, अंगठ्याची पारख शाबूत राहो, गुडघ्यांनी त्रास देऊ नये, आणि शंभरीच्या सोहळ्याला त्यांनी स्वतः चालत यावं, हे मी रोज दिव्यापाशी मागते.

संपादक मंडळाला एक विनंती, ती छापली तरी हरकत नाही. आमच्यात पंच्याहत्तरी झालेल्या माणसाला दिव्यांनी ओवाळतात. काकांना ते चालेल का, त्यांच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही. चालणार नसेल तर नुसतं फूल आणि नवं शिवलेलं फडकं घेऊन येईन. चालणार असेल तर अक्षता मोजून दहाच आणीन आणि कार्यक्रम संपल्यावर दहाही वेचून परत नेईन. एवढं त्यांना विचारून मला चऱ्होलीच्या पत्त्यावर उलट टपाली कळवावं.

सौ. शोभा जाधव