आधी गाडी, मग ओवाळणी

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय ते माझं मलाच ठाऊक. पण चहा ओतून झालाय, तर ऐकाच. आमच्या घरी दर दिवाळीला हा विषय निघतो आणि दर दिवाळीला बायको तो माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगते. म्हटलं, एकदा आपणच सांगावा, निदान माझी बाजू तरी कोणाच्या कानावर जाईल. तशी बाजू फारशी नाहीच, ते कळेल तुम्हाला पुढे.

मी मुळात शांत माणूस. किन्हवलीजवळ माझी भातगिरणी. गिरणीवाल्याला राग परवडतच नाही हो. समोर पोती घेऊन बायकांची रांग, प्रत्येकीला घाई, प्रत्येकीला वाटतं दुसरीचा कोंडा आपल्या पिशवीत गेला. अशा ठिकाणी इतकी वर्षं काढली, पण कोणावर आवाज चढवला नाही. रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे मला. पाऊस किती, भात कसं, कोण आलं, कोण गेलं. आणि त्या एका वर्षाची पानं बघाल तर पाऊस नाही, भात नाही. नुसता क्लच.

झालं काय, माझा मेहुणा किसन, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, म्हशाच्या अलीकडे राहतो. त्याने मोठी गाडी घ्यायची ठरवली आणि त्याची जुनी पांढरी मोटार आम्हाला विकत दिली. "दाजी, घरचीच गाडी हाय, काय बघायला नको," म्हणाला. मीही काही बघितलं नाही. घरच्या माणसाची गाडी उघडून बघायची कशी?

पहिले काही आठवडे राजासारखे गेले. मग एके दिवशी सरळगावकडे जाताना एका चढावर गाडीने अंग टाकलं. इंजिन असं ओरडतंय जणू विमान उडणार, आणि गाडी जागची हलेना. आत जळकट वास, शिंग जळल्यासारखा. एक दूधवाला सायकल हातात धरून चालत चढ चढत होता. तो माझ्या पुढे गेला. गेला तो गेला, वर जाऊन वळून हसला. तेव्हा माझ्या डोक्यात जी पहिली ठिणगी पडली ती पुढे वर्षभर विझली नाही.

शहापूरचा बबन मिस्त्री म्हणाला, क्लच प्लेट गेली. आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांना सांगतो, इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक प्लेट असते. पाय दाबला की ती सुटते, म्हणजे गिअर बदलता येतो. पाय सोडला की घट्ट धरते, म्हणजे गाडी पळते. प्लेट झिजली की धरत नाही, नुसती घासत राहते. गिरणीचा पट्टा घसरतो तसं. मोटर फिरते, जातं फिरत नाही. म्हणजे हे तर माझ्या रोजच्या धंद्यातलं! मला क्लच समजावणारा बबन कोण?

नवी प्लेट बसवली. मनात म्हटलं, किसनने झिजलेली प्लेट गळ्यात मारली. असू दे, घरचा आहे.

तीन-चार महिन्यांनी परत तोच वास.

आता सांगा, माणसाने शांत तरी किती राहायचं? मी कल्याणच्या रद्दीवाल्याकडून मोटारदुरुस्तीचं एक जुनं पुस्तक आणलं आणि अंगणात गाडी तपासायला बसलो. पुस्तकात एक परीक्षा दिली होती. हँडब्रेक ओढा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच सोडा. प्लेट चांगली असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. मी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन आपलं चालूच. परत केलं. चालूच. शेजारी कुंपणावरून बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा, फसवलं मला."

बबनकडे गेलो तो निदान घेऊनच गेलो. बबनचा स्वभाव असा, की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. बॉनेट उघडून मी बोट दाखवायचं आणि त्याने मान डोलवायची. मी म्हटलं, इंजिनचं तेल गळून प्लेटवर जातंय. तो म्हणाला, "तुमी म्हणता तर जात असंल." सील बदललं, प्लेट बदलली. पुढच्या खेपेला मी म्हटलं, केबल आखडलीये. "आखडली असंल." केबल बदलली. मग प्रेशर प्लेट. मग बेअरिंग. गिअरबॉक्स तर इतक्या वेळा उतरवला की पुढे पुढे बबन बोल्ट पूर्ण आवळायचाच नाही. म्हणायचा, परत येणारच हाय ना.

आणि वास येतच राहिला.

तेव्हा माझी खात्री पटली की दोष आताचा नाही, जुना आहे. या गाडीकडून किसनने काहीतरी भलतं काम करून घेतलं असणार. गिरणीत बसल्या बसल्या मला सुचलं, भाताची ट्रॉली ओढली असणार! सुचलं ते सुचलं, मी बोलून गेलो. आणि गिरणीत बोललेलं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत ते सरळगावला पोचलं. मुरबाडच्या बाजारात एका ट्रॉलीच्या दोन झाल्या. म्हशापर्यंत जाईतो किसनने त्या गाडीने विहिरीतून म्हैस ओढून काढली होती. त्याच्या गावातली पोरं त्याला रस्त्यात थांबवून विचारायला लागली, दाजींना ट्रॅक्टर विकलास का रे?

त्याच्या सासरी बोलणं गेलं. सासऱ्याने विचारलं, घरच्या माणसाला असं फसवतात का? बिचारा किसन. पण मी तेव्हा 'बिचारा' म्हणणाऱ्यांतला नव्हतो. मला आतून बरं वाटलं होतं. वाटलं, आता येईल कबुलीवर.

त्याचा निरोप आला. भाऊबीजेला येतो, काय ते तोंडावर बोला.

भाऊबीजेला बायकोने सकाळपासून पाट मांडला होता. भोवती रांगोळी, ताटात निरांजन, करंज्या वेगळ्या काढून ठेवलेल्या. किसन एसटीने आला, मोठी गाडी घ्यायची त्याची राहूनच गेली होती. अंगात नवा कोरा झब्बा, चेहरा मात्र दुखवट्याला आल्यासारखा. सुमन, म्हणजे आमची ही, ताट घेऊन पुढे झाली. मी दारात आडवा.

"आधी गाडी, मग ओवाळणी," मी म्हणालो.

"अहो, निरांजन लावलंय."

"लावू दे. याच्या तोंडून ऐकायचंय मला, गाडी कशाला जुंपली होती."

किसन माझ्याशी बोललाच नाही. बहिणीकडे बघून म्हणाला, "ताई, आज तुझ्या दारातनं तसाच गेलो ना, तर परत नाय यायचा. तू पण बोलवू नको."

सुमनने ताट खाली ठेवलं. निरांजन विझू नये म्हणून त्याला हाताचा आडोसा केला. तिला भाऊ एकच. मला ते दिसलं आणि तरी मी गाडीची किल्ली काढली. राग माणसाला किती आंधळा करतो म्हणून सांगू.

देवळामागचा चढ आमच्याकडे प्रसिद्ध आहे. मी म्हटलं, पहिल्यांदा तू चढव. किसन चालवायला बसला, सुमन त्याच्या शेजारी, मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या मागच्या सीटवर. गाडी चढावर लागली. मी नाक पुढे काढून बसलो होतो, वासाची वाट बघत. काही नाही. गाडी गुणगुणत वर गेली. वर देवळाजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांनी हातसुद्धा केला.

"आला का वास?" किसन म्हणाला.

"गाडी थंड होती. उतर."

मग मी बसलो. सुमन शेजारी, किसन मागे. खाली आलो, वळवली, परत तोच चढ. अर्ध्यावर इंजिन ओरडायला लागलं, गाडी रेंगाळली आणि तो ओळखीचा वास आला. मला इतका आनंद झाला म्हणता! वर नेऊन गाडी उभी केली आणि मागे वळलो. "आता बोल. आता बोल ना."

किसनने नाक वर करून हुंगलं. वास त्यालाही आला होता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्याकडं असताना असं नवतं, दाजी. आईची शप्पथ नवतं."

तेवढ्यात सुमन म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"किसनचा डावा पाय चढ चढताना खाली होता. तुम्ही तुमचा कधीच खाली ठेवत नाही. दुखतो का?"

मी खाली बघितलं.

माझा डावा पाय क्लचवर होता. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि पाय क्लचवर. दाबलेला असा नव्हे. आपला टेकलेला. म्हणजे प्लेटने धरायचं म्हटलं तर मी धरू देत नव्हतो आणि सोडायचं म्हटलं तर सोडू देत नव्हतो. वर्षभर तिला नुसती घासत होतो. अंगणातल्या त्या परीक्षेत इंजिन बंद का पडलं नाही, ते तेव्हा उजेडात आलं. पुस्तकात लिहिलं होतं, क्लच सोडा. मी सोडला कधी होता?

आता ही सवय कुठून आली, तेही ऐका. मी गाडी शिकलो शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या प्रवासी जीपवर. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसं, त्यातलं एक ड्रायव्हरच्या उजवीकडे. गिअरचा दांडा कोणाच्या तरी गुडघ्यांमध्ये. खाली कोंबड्यांची टोपली. मला शिकवणारा पांडू म्हणायचा, "डावा पाय क्लचवरनं उचलू नको. उचललास का तिथं कोणतरी पिशवी ठेवंल." त्या जीपमध्ये ते शंभर टक्के खरं होतं. मी ते मंत्रासारखं पाळलं. स्वतःच्या मोटारीत, जिथे पिशवी ठेवणारं कोणी नव्हतं, तिथेसुद्धा मी वर्षभर ती जागा अडवून बसलो होतो.

"तू हे कधीपासून बघतेस?" मी सुमनला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, ते पाय टेकायलाच दिलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? गाडीत बसलं की तुम्ही चिडलेलेच. आणि बॉनेट उघडून बबनला सगळं सांगत होतात ना, मला वाटलं तुम्हाला कळतं."

मी आरशात बघितलं. किसन नव्या झब्ब्याची बाही तोंडात कोंबून बसला होता.

परत येताना गाडी त्याने चालवली. घरी निरांजन विझलं होतं, सुमनने पुन्हा लावलं. किसन पाटावर बसला. मला त्याच्यापासून लांब बसायला हवं होतं, पण खोली लहान, म्हणून मी पाटाच्या मागे लागूनच खुर्चीत बसलो. राग गेला नव्हता हो. आता तो पांडूवर होता, बबनवर होता, पुस्तकावर होता, त्या हसऱ्या दूधवाल्यावर होता. सुमनने ओवाळलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ताटात ओवाळणी टाकली. मी घसा खाकरून म्हणालो, "किसन, झालं गेलं..."

तो उठायला गेला, पण अर्ध्यावरच परत पाटावर बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. मग त्याने मागे वळून खाली बघितलं. पाटावरून जमिनीवर पसरलेल्या त्याच्या कोऱ्या झब्ब्याच्या टोकावर माझा डावा पाय होता. दाबलेला नव्हे, आपला टेकलेला.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "क्लच सोडा."