आत्याबाईंनी दिलेली हाडं

धाकटी बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून मी औंढ्याच्या नागनाथाला हात जोडणं सोडलं होतं. लेकराचा हात आधी बाहेर आला आणि तिच्या सासरच्या सुईणीनं तोच ओढला. माय गेली, लेकरू गेलं. ज्याच्यापुढं मी नवस बोलले तो देव तेव्हा झोपला होता काय, असं मी घरात उघड बोलायची. माझं तोंड पहिल्यापासून फटकळच. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, स्वतः पुसेगावच्या नावाजलेल्या सुईण. त्या मला कधी रागावल्या नाहीत. "बोल त्याला. त्याच्याशिवाय कुणाला बोलशील?" एवढंच म्हणायच्या.

निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम अजून सुरू व्हायची होती. हिंगोलीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई खेड्यापाड्यांतल्या सुईणींना शिकवायच्या. आत्याबाई जायच्या, सोबतीला मी. लेकरू बाहेर येताना आत कसकसं वळतं, ते कागदावरच्या चित्रातून कुणाला उमगेना. म्हणून बाईंनी शहरातून हाडांचा सांगाडा मागवला, तर आला पुरुषाचा! बाई कपाळाला हात लावून बसल्या. आत्याबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ह्यातून तर उंदीर बी निघायचा न्हाई, बाई! मी मेले की माझी हाडं घ्या. सहा लेकरं निघालीत, वाट पक्की हाय." सगळ्या खो खो हसल्या. हसणं थांबलं तरी आत्याबाईंनी बाईंचा हात सोडला नाही. "खरंच सांगून राहिले," म्हणाल्या. परत येताना बैलगाडीत त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात त्या तापानं गेल्या. आमच्यात माणसाला मातीत ठेवतात, म्हणून शेतातच त्यांची समाधी झाली. दोन पावसाळे जाऊ द्या, माती आपलं काम करील, असं बाईंनी सांगितलं होतं. दोन पावसाळे सरले आणि मी मालकांपुढं विषय काढला. काय भडकले म्हणता! "मायला उकरून काढू? तिची हाडं चार बायांनी हातात धरायची? येडी झालीस काय?" मी रडले, भांडले, अबोला धरला. काही उपयोग नाही. एकीकडं दिलेला शब्द, दुसरीकडं लेकाची माया, आणि मधे मी. त्यांना खोटं तरी कसं म्हणू? शेवटी मीच म्हणाले, औंढ्याला जाऊ. ज्या देवाकडं पाठ फिरवली होती त्याच्याच दारी निघाले, कारण दुसरं दार उरलं नव्हतं.

औंढ्याचा देव जमिनीच्या पोटात. अरुंद तोंडातून वाकून, अंग चोरून खाली उतरावं लागतं. दर्शन झालं. मी काही मागितलंच नाही. "तूच बघ आता," एवढं म्हणून वर आले. मालक माझ्या मागून. ते अंगानं थोराड. वर येताना ऐन तोंडाशी खांदे अडकले. खाली माणसांची रेटारेटी, अंधार, कोंडलेली हवा. जोर करतील तसे जास्तच रुतले, चेहरा पांढराफटक पडला. मी घाबरून त्यांचा हात ओढू लागले, तोच शेजारी उभ्या असलेल्या तांड्यावरच्या एका म्हातारीनं मला बाजूला सारलं. ओळख ना पाळख. "वढू नको माय, मरंल ना तो!" मग मालकांच्या डोक्यावर तळवा ठेवून शांतपणे म्हणाली, "भिऊ नको, लेकरा. डोकं खाली घाल. आता एक खांदा फिरव. हां, असं. आता ये." आणि ते सुखरूप बाहेर आले. अडलेल्या बाईजवळ बसून आत्याबाई पोटातल्या लेकराला हेच सांगायच्या, अगदी याच शब्दांत. मी वळून पाहिलं. म्हातारी तोवर गर्दीत गेलीसुद्धा. ती सुईण असेल, नसेल. मी शोधलं नाही.

मालक मंडपात बसून ओक्साबोक्शी रडले. म्हणाले, "वाट ठाऊक असणारं कुणी नसतं तर मेलोच असतो गं. देऊ मायची हाडं."

हाडं त्यांनी स्वतः काढली आणि नव्या लुगड्यात बांधून हिंगोलीला नेली. बाईंनी ती धुऊन, तारेनं जोडून घेतली. माझी बहीण का गेली, ते मला आजही कळलेलं नाही. पण माझा हट्ट मी नागनाथाच्या पायाशी ठेवला, तेव्हा त्यानं मला रिकामं परत पाठवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची लेकरं झेलून मेल्यावरही स्वतःसाठी काही न ठेवणारी सासू त्यानं मला दिली. हे उपकार कसे फिटावेत?

शिकवण्याच्या दिवशी बायांनी हाडांभोवती कोंडाळं केलं, पण हात लावायला कुणी धजेना. एकीनं दबक्या आवाजात विचारलं, "कुणाची हायेत?" दाराशी उभे असलेले मालक आत आले. त्यांनी कमरेचं हाड उचललं, कपाळाला लावलं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"माझ्या मायची. मी ह्यातूनच आलो. घट्ट धरा बाई, तिला आता दुखत न्हाई."