वाढवून लिहिलेला एक सेंटिमीटर

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात सोजरबाई एकवीस वर्षं पोरांची उंची मोजतायत. काम काय, तर पोराला भिंतीला लावायचं, टाचा टेकवायच्या, डोक्यावर पट्टी आणायची आणि आकडा लिहायचा. हसू नका. डॉक्टरांचं सगळं शहाणपण त्या आकड्यावर उभं असतं. म्हणून बाई तीनदा मोजत आणि मागचा आकडा झाकून ठेवत. तो दिसला की हात लबाडी करतो, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या वेण्या सोडायला कुरकुरणाऱ्या आयांना त्या सरळ विचारत, "मोजायला आणलंय की फोटो काढायला?"

अशा बाईच्या हातून चूक झाली, तीही मायेपोटी.

खराडीची निशा आपल्या नऊ वर्षांच्या तनुजाला घेऊन यायची. मुलीच्या अंगात वाढीचं हार्मोन पुरेसं तयारच होत नव्हतं. उंची एकशे बारा सेंटिमीटर. रोज झोपताना मांडीत सुई सुरू झाली. पहिल्या तीन महिन्यांत दीड सेंटिमीटर तरी वाढ दिसायला हवी होती.

तीन महिने झाले आणि पहिल्या मोजणीलाच निशा रडायला लागली. "मावशी, पोरगी वाढली नसंल तर सासूबाई सुई बंद करायला लावतील. रोज भांडून टोचते हो मी."

पट्टी म्हणाली, एकशे बारा पॉइंट सहा. बाईंचं काळीज हललं. पुढच्या खेपेला भरून निघेल, असं मनाशी म्हणत त्यांनी लिहिलं, एकशे तेरा पॉइंट सहा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच?

तीन महिन्यांनी तनुजा पुन्हा भिंतीला उभी राहिली. एकदा, दोनदा, तीनदा मोजलं. एकशे तेरा पॉइंट तीन. मागे लिहिलेल्याहूनही कमी. पण या वेळी बाईंनी होतं तेच लिहिलं.

डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला. "सोजरबाई, मुलं वाढतात किंवा वाढत नाहीत. आखडलेली मी अजून पाहिली नाहीत. पट्टी सैल झालीय का बघा."

अहो, सुटकेची वाट मॅडमनीच दाखवली होती! हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. एकवीस वर्षांची अब्रू झाकली गेली असती. तेवढ्यात अनवाणी उभ्या तनुजाने विचारलं, "मावशी, वाढले ना मी?"

"पट्टी बरोबर आहे, मॅडम," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी मी एक सेंटिमीटर वाढवून लिहिला होता."

मॅडम निशाकडे वळल्या. "औषध कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये. वर, बर्फाच्या कप्प्यात. थंड ठेवा म्हणाला होतात ना तुम्ही? म्हटलं, जास्त गार तर जास्त टिकंल. संध्याकाळी मुठीत धरून वितळवते, मग देते."

मॅडमनी चष्मा काढला. "गोठलं की ते औषध मरतं, निशाताई. सहा महिने टोचलंत ते वाया गेलं. आता नवीन आणा आणि खालच्या कप्प्यात ठेवा." मग सोजरबाईंकडे न बघताच म्हणाल्या, "खरा आकडा समोर असता, तर हा प्रश्न मी तीन महिन्यांपूर्वीच विचारला असता. हाडं वाढायचं वय काही आपल्यासाठी थांबत नाही."

बाईंना भडभडून आलं. त्या निशापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तिने शिव्या घालाव्यात, असंच त्यांना वाटत होतं.

निशा मुलीच्या पायात चपला घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतं, तर मी अजून थोडी रडले असते. पण हिला पुढच्या नव्वद सुया तरी फुकट लागल्या नसत्या."