पुढचा ब्रेक

यंत्र स्वतःच्या हाताने उघडल्याशिवाय त्याचा आत्मा कळत नाही, असं मी मानत असे. चाळीस वर्षं जुन्या मोटारसायकलचा कॅलिपर, म्हणजे पुढच्या ब्रेकची चकती दाबणारी पकड, उघडला तेव्हा आत गंज आणि काळा चिखल निघाला. पिस्टन घासून चकचकीत केला. त्याच्याभोवती बसणारे नवे रबरी सील आणले आणि गाडीचं सगळंच पेट्रोलने धुतो तसे तेही धुऊन बसवले.

पहिल्या फेरीला बायको मागे बसली. हेब्बाळच्या पुलावर पोचेपर्यंत ब्रेकचा लिव्हर दर वेळी अधिक कडक लागत होता. मग जळका वास आला.

"कुणाचा तरी क्लच जळतोय," मी म्हणालो.

"कुणाचा तरी म्हणजे आपलाच ना?"

उतारावर मी लिव्हर सोडला, तरी पुढचं चाक अडखळत राहिलं. मागची बस अगदी जवळून हॉर्न देत होती. बायकोने माझा खांदा घट्ट धरला. कसाबसा कडेला पोचलो, तिथे चाक पूर्ण जाम झालं.

फोनवर आमचा बेळगावकडचा मेकॅनिक म्हणाला, "सील पेट्रोलात धुतलात अण्णा? रबर फुगलं की पिस्टन मागे येतोय कुठला!"

बायको रिक्षाने घरी गेली. गाडी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.