धाकट्याची बोट

माझा धाकटा भाऊ जपानी मासेमारी बोटीवर डेकवर कामाला होता. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. पण आपली माणसं चार दिवसांनी घरी तरी येतात. हा एकदा गेला की वर्षभर पत्ता नाही. मी म्हणायचे, "अरे गाढवा, इकडे जर्मनीत ये, काहीतरी बघू." तर म्हणे, "तुमच्या ड्युसेलडॉर्फला समुद्र आहे का? नाही ना? मग बस!"

म्हणून मी फोनवर जहाजं दाखवणारं ॲप घेतलं. त्याच्या बोटीचं नाव टाकलं की आफ्रिकेच्या खाली नुसत्या निळ्यात एक ठिपका दिसायचा. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमधून मी आईला फोन करायचे. तिचा पहिला प्रश्न, "कुठं पोचला गं?" माझी तब्येत नाही, नातीची शाळा नाही. मग मी होडी चालवणारी मोठी तांडेल असल्यासारखी सांगायचे, "बोट हळूहळू वाहतेय आई, म्हणजे मासा लागलाय." आई लगेच देवापुढे साखर ठेवायची.

त्या दिवशीही सांगितलं, बोट तिथंच आहे. फोन ठेवते न ठेवते तोच त्याला बोटीवर लावणाऱ्या मुंबईच्या एजंटाचा फोन. धाकटा दोरी ओढताना पाण्यात पडला होता. त्यालाही काही दिवस होऊन गेले होते. शोधलं, मिळाला नाही, आणि बोट आता डरबानच्या बंदरात लागली होती.

मी सगळ्या कलीगसमोर मराठीत ओरडले. "खोटं बोलताय तुम्ही! बोट समुद्रात आहे. मी आत्ता बघतेय ना!"

तो बिचारा म्हणाला, "ताई, तो बोया आहे." गळांच्या लांबलचक दोरीला तरंगते बोये बांधतात. ते हरवू नयेत म्हणून त्यांत जागा कळवणारं यंत्र बसवतात, बोटीचंच नाव देऊन. बोट मात्र स्वतःचं यंत्र बंद ठेवते, मासा कुठं लागतो ते दुसऱ्यांना कळू नये म्हणून. धाकट्याला शोधायला वळताना त्यांनी दोरी कापून टाकली होती. बोयांसकट तीच वाहत होती.

म्हणजे मी तो मेला प्लास्टिकचा डबा बघत बसले होते. माझा भाऊ नव्हताच तिथं.

आईला परत फोन लावला. आधी शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवावं, एवढंही सुचलं नाही. धाकटा पाण्यात पडलाय, मिळत नाहीये, इतकंच तोंडातून निघालं. ती रडली नाही. म्हणाली, "अगं, पण बोट तिथंच आहे म्हणालीस ना मघाशी?"

मग तीच पुढे म्हणाली,

"मग शोधतायत ते. पोराला पाण्यात टाकून बोट जायची नाही. आपल्याकडे गेलंय का कधी कुणी?"

नाही गेलं. आमच्या बंदरात माणूस बुडाला की सगळ्या होड्या धंदा बंद ठेवतात आणि तो मिळेपर्यंत शोधतात.

"हो आई," मी म्हटलं, "शोधतायत."